आत गेलेल्या जवानाची खबर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या शहरांत आग विझवण्याची एक ठरलेली रीत होती. बंब रस्त्यावर उभा करायचा, नळीचे तोंड खिडकीकडे धरायचे आणि जमेल तेवढे पाणी आत फेकायचे. बरेचसे पाणी धुरातच जाई, आगीपर्यंत पोचत नसे. १८२४ मध्ये एडिंबरा शहराने आपले अग्निशमन दल उभारले आणि जेम्स ब्रेडवुड या तरुणाला त्याचे प्रमुख केले. ब्रेडवुड यांनी ही रीत मोडली. आग जिथे पेटली आहे तिथवर माणसाने पोचायचे आणि पाणी तिच्या मुळावर मारायचे, असा त्यांचा आग्रह होता. १८३३ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथल्या दलालाही त्यांनी हेच शिकवले.

पाठीवरचा सिलिंडर, चेहऱ्यावरचा मास्क, छातीवरची धोक्याची शिटी, सदऱ्यात विणलेले संवेदक अशी जी साधने आज अग्निशामकाच्या अंगावर दिसतात, त्यांची गरज या निर्णयातून उभी राहिली. माणूस बाहेर होता तोवर बूट, कोट आणि शिरस्त्राण पुरेसे होते. तो आत शिरला आणि दोन अडचणी आल्या. तिथे श्वास कशाचा घ्यायचा, ही पहिली. आत त्याचे काय चालले आहे हे बाहेरच्यांना कळावे कसे, ही दुसरी. पहिलीवर चांगला तोडगा निघायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. दुसरी अजून पुरती सुटलेली नाही, आणि अंगावर घालण्याच्या आधुनिक साधनांची सारी धडपड तिच्यासाठीच आहे.

सुरुवातीचे प्रयत्न बाहेरची हवा नळीने आत नेण्याचे होते. चार्ल्स डीन या इंग्रजाने १८२३ मध्ये तांब्याच्या एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. शिरस्त्राणाला मागून चामड्याची नळी जोडलेली असे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर भाता. बाहेरच्याने भाता मारायचा, आतल्याने ती हवा घ्यायची. धुराने भरलेल्या जागेत शिरून आग विझवणे, माणसे आणि मालमत्ता बाहेर काढणे हाच या यंत्राचा हेतू असल्याचे पेटंटात लिहिलेले होते. अग्निशमन दलांनी मात्र ते स्वीकारले नाही. काही वर्षांतच डीन बंधूंनी त्याच शिरस्त्राणात फेरफार करून ते पाणबुड्यांसाठी वापरात आणले, आणि समुद्राच्या तळाशी त्याचे नाव झाले. पॅरिसच्या अग्निशमन दलाचे प्रमुख गुस्ताव पोलँ यांनी १८३०च्या दशकात तळघरांतल्या आगींसाठी चामड्याचा डोक्यापासून कमरेपर्यंतचा झगा तयार केला. त्यात बंबाच्याच पंपाने हवा भरली जाई. या साधनांनी जीव वाचले, पण नळी जाईल तेवढेच माणसाला जाता येई. जिन्याच्या वळणावर ती अडके, पडलेल्या सामानाखाली दबे आणि जळूही शके.

दुसरा मार्ग होता धूर गाळून घेण्याचा. ओल्या फडक्याने नाक झाकणे हे त्याचे सर्वांत जुने रूप. १८२०च्या दशकात जॉन रॉबर्ट्स या इंग्रज खाणकामगाराने चामड्याची टोपी आणि ओला स्पंज यांचे साधन करून दाखवले. या मार्गावरचे सर्वांत शास्त्रशुद्ध काम मात्र भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचे. हवेतल्या सूक्ष्म धुळीचा अभ्यास करताना कापसातून हवा गाळली की ती धूलिकणरहित होते हे त्यांच्या लक्षात आले होते. लंडनच्या दलाचे तेव्हाचे प्रमुख कॅप्टन आयर मॅसी शॉ यांच्या सहकार्याने त्यांनी १८७१च्या सुमारास अग्निशामकांसाठी श्वसनगाळणी बनवली. ग्लिसरीनमध्ये भिजवलेला कापूस धुराचे कण अडवी, लाकडी कोळसा झोंबणारी रसायने शोषून घेई आणि चुना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवी. मुद्दाम दाट धूर केलेल्या बंद जागेत ही गाळणी लावून टिंडल स्वतः बसले. एरवी जिथे एक-दोन श्वासही अशक्य होते, तिथे तिच्या आधाराने बराच वेळ थांबता येत होते.

टिंडल यांची गाळणी डोळ्यांना आणि घशाला जाणवणारा धूर अडवत होती. जीव घेणारा वायू मात्र जाणवतच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. कोळसा त्याला अडवू शकत नाही. त्यात बंद खोलीतली आग प्राणवायूच खाऊन टाकते, आणि जे हवेत उरलेलेच नाही ते कोणतीही गाळणी देऊ शकत नाही. गाळणी लावलेला माणूस त्यामुळे न खोकता, निश्चिंतपणे पुढे जाई आणि कोसळे. या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट इथे पहिल्यांदा दिसते. साधन माणसाला जितके आत नेते, तितका तो परतीच्या वाटेपासून दूर जातो.

खरा मार्ग खाणींतून आला. हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाने १८७८-७९ मध्ये असे यंत्र तयार केले की माणसाला आपली हवा स्वतःबरोबर नेता येई. सोडलेला श्वास एका पिशवीत जाई, रसायन त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेई, सिलिंडरमधला प्राणवायू त्यात मिसळे आणि तीच हवा पुन्हा आत घेता येई. १८८० मध्ये इंग्लंडमधल्या सीहॅमच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा बचावकार्यात हे यंत्र वापरले गेले. जर्मनीत ल्यूबेक इथल्या ड्रेगर कंपनीने याच तत्त्वावर अधिक भरवशाची यंत्रे बनवली. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर इथल्या खाणीत झालेल्या स्फोटात १,०९९ माणसे गेली. जर्मनीहून धावून आलेल्या बचाव पथकांकडे ही यंत्रे होती. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या खाणींत बचाव पथकातल्या माणसांना ‘ड्रेगरमेन’ म्हणू लागले.

त्याच काळात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरी गॅरेट मॉर्गन हे कृष्णवर्णीय संशोधक वेगळ्या वाटेने जात होते. धूर आणि तापलेले वायू वर चढतात, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते, हे निरीक्षण त्यांनी वापरले. त्यांच्या टोपीपासून लांब नळ्या थेट जमिनीपर्यंत लोंबत आणि टोकाला ओला स्पंज असे. १९१४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. कृष्णवर्णीयाने बनवलेले साधन गोरे अधिकारी विकत घेणार नाहीत हे ओळखून, प्रात्यक्षिकांत ते एका गोऱ्या नटाला संशोधक म्हणून उभे करत. जुलै १९१६ मध्ये क्लीव्हलँडच्या पाणीपुरवठ्यासाठी ईरी सरोवराखाली खणल्या जाणाऱ्या बोगद्यात वायूचा स्फोट झाला. आत गेलेले बचाववालेही परतले नाहीत. तेव्हा मॉर्गन यांना बोलावण्यात आले. ते आणि त्यांचे भाऊ फ्रँक टोप्या चढवून बोगद्यात उतरले आणि त्यांनी अडकलेल्यांपैकी काहींना जिवंत बाहेर काढले. शहराने त्या वेळी गौरव केला तो इतरांचा. मॉर्गन यांना त्यांचे श्रेय मिळायला अनेक वर्षे जावी लागली. तांत्रिक दृष्टीने त्यांच्या टोपीला गाळणीच्याच मर्यादा होत्या. पण ती घालून स्वतः बोगद्यात उतरण्याचे त्यांचे धैर्य कोणत्याही पदकाहून मोठे आहे.

ब्रिटनमध्ये सीब गॉर्मन कंपनीचे ‘प्रोटो’ हे फ्ल्यूसच्या तत्त्वावरचे यंत्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अग्निशमन दलांत रुजले. छातीवर हवेची पिशवी, पाठीशी प्राणवायूचा छोटा सिलिंडर, नाकाला चिमटा आणि दातांत धरायची नळी, अशी त्याची रचना होती. नळी तोंडात असल्याने जवानाला बोलता येत नसे. हवेची अडचण सुटली. खबरीची अडचण मात्र होती त्याहून बिकट झाली.

ती किती बिकट आहे हे लंडनने २३ जानेवारी १९५८ रोजी पाहिले. स्मिथफील्ड या मांसबाजाराच्या कोंबडीबाजार विभागात पहाटेपूर्वी आग लागली. आग होती तळघरात, आणि ते तळघर म्हणजे शीतगृहांच्या खोल्यांचे आणि बोळांचे मोठे जाळे होते. थंडावा टिकवण्यासाठी भिंतींत भरलेले साहित्य धुमसत होते आणि काळा धूर बाहेर पडायला वाट नव्हती. प्रोटो लावलेले जवान जोडीजोडीने खाली जात, चाचपडत पुढे सरकत आणि परत येत. क्लार्कनवेल केंद्राचे एक अधिकारी आणि एक जवान परत आले नाहीत. ते सापडले तेव्हा त्यांच्या सिलिंडरमधला प्राणवायू संपलेला होता. आग तीन दिवस जळत राहिली आणि शेवटी इमारत कोसळली.

या दोन मृत्यूंतून ब्रिटनच्या अग्निशमन दलांनी जे शिकून घेतले, ते पुढच्या सगळ्या विजेरी साधनांचा पाया आहे. गृहखात्याच्या चौकशीनंतर देशभर एकच शिस्त ठरली. प्रत्येक यंत्राला नाव आणि सिलिंडरमधला साठा लिहिण्याचा बिल्ला असेल. आत जाताना जवानाने तो दारावरच्या नियंत्रण अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. अधिकारी तो फळ्यावर लावणार, आत जाण्याची वेळ लिहिणार आणि साठा केव्हा संपेल याचा हिशेब मांडणार. ठरलेल्या वेळेला माणूस बाहेर दिसला नाही तर शोधाला दुसरी तुकडी आधीच तयार असेल. शिवाय साठा कमी झाला की आपोआप वाजणारी शिटी आणि संकटात वाजवायचा भोंगा यंत्रावरच हवा. आज संगणकाच्या पडद्यावर जे आकडे उमटतात, तेच त्या फळ्यावर हाताने लिहिले जात होते.

अमेरिकेत वेगळी संस्कृती होती. धूर सोसणे हे तिथे मर्दपणाचे लक्षण मानले जाई. मुरलेल्या अग्निशामकाला ‘धूर खाणारा’ म्हणत आणि मास्क लावणाऱ्याकडे जरा हिणवून पाहत. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्कॉट एव्हिएशन कंपनीने वैमानिकांच्या प्राणवायू यंत्रावरून अग्निशामकांसाठी ‘एअर-पॅक’ काढला. यात प्राणवायूऐवजी साधी दाबून भरलेली हवा होती आणि सोडलेला श्वास सरळ बाहेर जाई. यंत्र सोपे होते आणि चेहरा पूर्ण झाकत होते. पण पोलादी सिलिंडरसह त्याचे वजन १३-१४ किलोंच्या वर जाई. अनेक जण ते गाडीतच ठेवून आत पळत.

दरम्यान आगीचा धूरही बदलला होता. लाकूड, कापूस आणि लोकर यांच्या जागी घराघरांत प्लॅस्टिक, फोम आणि कृत्रिम धागे आले. हे पदार्थ जळताना हायड्रोजन सायनाइडसारखी विषे सोडतात. मोठ्या शहरांच्या अग्निशमन प्रमुखांनी हलक्या यंत्राची मागणी लावून धरली, आणि १९७१ मध्ये नासाच्या ह्यूस्टन इथल्या केंद्राने ते काम हाती घेतले. चंद्रावर जाणाऱ्यांची श्वसनयंत्रे बनवण्याचा अनुभव तिथे होताच. रॉकेटच्या कवचासाठी विकसित झालेले तंत्र सिलिंडरला लावले गेले. ॲल्युमिनियमच्या पातळ नळकांड्यावर काचतंतूंचे वेढे गुंडाळून असा सिलिंडर तयार झाला, जो वजनाला हलका असूनही पूर्वीच्या दुप्पट दाब सोसू शके. सगळे यंत्र सुमारे एक तृतीयांशाने हलके झाले. मास्कमधून दिसणारे क्षेत्र वाढवण्यात आले आणि हवा संपत आल्याची सूचना देणारा गजरही त्यात होता. १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजलिस इथल्या जवानांनी ते प्रत्यक्ष आगीत वापरून पाहिले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकी अग्निशामकाच्या चेहऱ्यावर मास्क कायमचा बसला. मास्कच्या आत बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त दाब ठेवण्याची सोयही आली, त्यामुळे कड सैल झाली तरी धूर आत घुसण्याऐवजी हवा बाहेर पडते.

कपड्यांचीही हीच कथा आहे. ड्यू पाँट कंपनीचा न पेटणारा ‘नोमेक्स’ धागा १९६०च्या दशकात आला. १९६७ मध्ये अपोलो-१ यानात जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर नासाने ‘पीबीआय’ या आणखी चिवट धाग्यात लक्ष घातले, आणि तो पुढे अग्निशामकांच्या कोटात पोचला. थर वाढले, जवानाचे सारे अंग झाकले गेले, डोक्याला कानटोपी आली. यात एक जुनी खूण हरवली. पूर्वी कान उघडे असत. कान भाजू लागले की खोली पेट घेण्याच्या बेतात आहे हे जुन्या जवानांना कळे आणि ते मागे फिरत. नव्या पोशाखात तो इशारा आत पोचेनासा झाला. जवान पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त उष्णतेत, कितीतरी आत जाऊ लागला आणि आपण कुठे आहोत हे त्याला उशिरा कळू लागले. शरीराकडून काढून घेतलेली ही जाणीव यंत्राने परत करणे भाग होते.

पहिले साधन अगदी साधे होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘पास’ नावाचा छोटा गजर आला आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने त्याचे मानक प्रसिद्ध केले. कमरेला किंवा यंत्राच्या पट्ट्याला लावलेल्या या डबीत हालचाल ओळखणारा संवेदक असतो. माणूस सुमारे अर्धा मिनिट निश्चल राहिला की आधी हलका इशारा आणि मग कान फाडणारा आवाज सुरू होतो. बेशुद्ध पडलेल्या जवानाला हाक मारता येत नाही. ती हाक त्याच्या वतीने डबी मारते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. मनोरे कोसळल्यानंतरच्या चित्रफितींत ढिगाऱ्याखालून येणारा तीक्ष्ण, न थांबणारा आवाज ऐकू येतो, तो या गजरांचाच आहे.

या डबीचेही दोष जीव गेल्यावरच कळले. सुरुवातीची डबी हाताने चालू करावी लागे आणि घाईत ती बंदच राही. म्हणून पुढे ती श्वसनयंत्राला जोडली गेली आणि सिलिंडर उघडताच आपोआप सुरू होऊ लागली. नंतर काही मृत्यूंच्या चौकशीत असे दिसले की गजर वाजायला हवा होता, पण कोणाला तो ऐकू आला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा १५० अंश सेल्सियसच्या आसपासच काही डब्यांचा आवाज क्षीण होत असल्याचे आढळले. आगीच्या खोलीत एवढे तापमान म्हणजे सुरुवातच. २००७ मध्ये मानक अधिक कडक करण्यात आले.

गजर ऐकू आला तरी तो कुठून येतो आहे हे धुरात ओळखणे अवघड असते. ३ डिसेंबर १९९९ च्या रात्री मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहरात याची जी किंमत मोजावी लागली, तिने पुढच्या संशोधनाची दिशा ठरवली. शहरात मांस साठवण्याचे एक जुने सहा मजली शीतगृह होते. ते दहा वर्षांहून अधिक काळ बंद पडलेले होते. थंडी धरून ठेवण्यासाठी भिंतींना बुचाचे, डांबराचे आणि फोमचे जाड थर होते आणि वरच्या मजल्यांना खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. आत आसरा घेतलेल्या दोन बेघरांकडून मेणबत्ती कलंडली आणि ते कोणाला न सांगता निघून गेले. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वर्दी मिळाली. आत बेघर राहतात असे जवानांना कळले, म्हणून त्यांनी मजल्यामागून मजला शोधायला सुरुवात केली. वस्तुतः आत कोणीच नव्हते.

थोड्याच वेळात भिंतींतल्या थरांनी पेट घेतला आणि धूर झपाट्याने दाटला. शोध पथकातले दोघे वाट चुकले. आपण हरवलो आहोत, हवा संपत आली आहे, असे त्यांनी बिनतारी यंत्रावर कळवले, पण आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे त्याच अंधारात हरवले. खाली जिन्याच्या दारात अधिकारी माइक मॅकनॅमी उभे होते. साथीदारांसाठी वर धावू पाहणाऱ्या जवानांची त्यांच्यासमोर गर्दी झाली होती. मॅकनॅमी यांनी दार अडवले आणि आता कोणीही वर जाणार नाही असे बजावले. सहा सहकारी वर असताना हा आदेश द्यायला लागलेले मनोबळ अग्निशमनाच्या इतिहासात विरळा आहे; त्याने आणखी किती जीव वाचले याची गणती करता येत नाही. सहाही मृतदेह हाती यायला आठ दिवस लागले.

मृत जवानांकडे श्वसनयंत्रे होती, बिनतारी यंत्रे होती, उत्तम कपडे होते. एवढे सगळे असूनही ते कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यात आहेत हे सांगणारे काही नव्हते. त्याच शहरातल्या वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांनी हे काम उचलले. इमारतीभोवती उभ्या केलेल्या गाड्यांवरचे अँटेना आणि जवानाच्या अंगावरचा प्रेषक यांच्या आधारे त्याची जागा काढायची, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना सरळ, अंमल फार कठीण. उपग्रहांचे संकेत जाड भिंतींत पोचत नाहीत. रेडिओ लहरी लोखंडी तुळयांवर आपटून भलत्या दिशेने येतात, त्यामुळे माणूस एका खोलीत आणि पडद्यावर दुसऱ्याच खोलीत दिसतो. पावलांवरून आणि वळणांवरून जागा मोजणारे संवेदक बुटांत बसवता येतात, पण दर पावलाची बारीक चूक साठत जाते. आणि अग्निशामक काही सरळ चालत नाही, तो रांगतो, सरपटतो, खाली पडतो. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मदतीने विद्यापीठे आणि कंपन्या यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. कोणत्याही अनोळखी इमारतीत, ऐन आगीत, प्रत्येक वेळी बिनचूक चालेल असे साधन मात्र सर्वांच्या हाती अजून आलेले नाही. त्या मानाने धुरातून पाहण्याचे तंत्र लवकर आवाक्यात आले. हातातला उष्णताचित्रक आता मास्कच्या आतही बसवला जातो. स्कॉट कंपनीने २०१६ मध्ये असा मास्क बाजारात आणला.

जवान हरवून किंवा होरपळून मरतो ही सर्वसाधारण समजूत. अमेरिकेतल्या नोंदींनी वेगळेच दाखवले. स्टेफानोस केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९४ ते २००४ या काळातले अग्निशामकांचे कामावरचे मृत्यू तपासले (११ सप्टेंबरचे वगळून). त्यांतले ३९ टक्के हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने झाले होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात अग्निशामकाच्या वर्षभराच्या वेळेतला फार तर १ ते ५ टक्के भाग जातो, तरी हृदयविकाराच्या या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात झाले. वजनदार पोशाखाच्या आत घाम वाळत नाही, अंगाचे तापमान चढत जाते, रक्त घट्ट होते आणि हृदय कमाल वेगाने धावत राहते.

त्यानंतर संवेदक जवानाच्या कातडीपर्यंत आले. नाडी, श्वासाची गती आणि हालचाल टिपणारा ‘बायोहार्नेस’ हा छातीपट्टा २०१० मध्ये चिलीच्या खाणीत अडकलेल्या ३३ कामगारांच्या सुटकेच्या वेळीही वापरला गेला होता. अग्निशामकांचे कपडे बनवणाऱ्या ग्लोब कंपनीने त्याच जातीचे संवेदक न जळणाऱ्या सदऱ्यात बसवून ‘वास्प’ नावाची प्रणाली तयार केली; पट्ट्यावरच्या दुसऱ्या यंत्रातून जवानाची जागाही बाहेर कळावी अशी तिची योजना होती. युरोपीय संघाच्या ‘प्रोएटेक्स’ प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात कापडातच संवेदक विणण्याचे प्रयोग झाले.

आकडे मिळवणे जमले. ते वापरणे हे वेगळेच काम निघाले. आगीत उतरलेल्या प्रत्येकाचीच नाडी जोरात असते, मग कोणत्या आकड्याला माणूस मागे बोलवायचा? बोलवायचे कोणी? दारावरचा अधिकारी एकाच वेळी पाणी, शिड्या, माणसे आणि बिनतारी संदेश सांभाळत असतो. त्याच्यापुढे वीस जणांच्या हृदयाचे आलेख मांडले तर तो एकही पाहणार नाही. नाडीची नोंद उद्या नोकरीवर येईल की काय, ही जवानांची भीतीही रास्त आहे. ज्या दलांनी हे प्रश्न आधी सोडवले नाहीत, तिथे महागडे पट्टे कपाटात पडून राहण्यापलीकडे काही होणे नाही.

अलीकडच्या साधनांनी हळूहळू मारणाऱ्या विषाकडेही लक्ष वळवले आहे. जंगलातल्या वणव्यांशी झुंजणारे जवान दिवसेंदिवस धुरात असतात आणि पाठीवरचा सिलिंडर तिथे पुरा पडत नाही. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात २०२० मध्ये ‘प्रोमेटेओ’ हे दंडाला बांधायचे यंत्र तपासले गेले. ते कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, तापमान आणि आर्द्रता मोजून, जवानाने किती विष घेतले आहे हे दूरच्या केंद्राला कळवते. अमेरिकेत कॅन्सस सिटी परिसरातल्या जवानांच्या गळ्यात संशोधकांनी सिलिकॉनचे साधे बिल्ले घातले. त्यात ना बॅटरी, ना तार. सिलिकॉन हवेतली रसायने शोषून घेते आणि नंतर प्रयोगशाळेत ती मोजता येतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसाय निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातला. या बिल्ल्यांचे मोल त्यानंतर अधिकच वाढले.

अंगावरच्या यंत्राला माणसाच्या शरीराची खबर देता येते, त्याच्या डोक्यावरच्या छताची नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरची आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठींबरोबर शेकडो टन स्फोटके होती; कोणत्याही पोशाखाने त्या दिवशी कोणी वाचले नसते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत ढासळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. लंडनमध्ये १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत ब्रेडवुड यांचाही मृत्यू अंगावर भिंत कोसळूनच झाला होता.

भारतातल्या दलांची घडण ब्रिटिश पद्धतीची आहे. म्हणून आपल्याकडे श्वसनयंत्राला ‘बीए सेट’ म्हणतात, त्याचे भारतीय मानक आयएस १०२४५ या क्रमांकाचे आहे, आणि १९५६ साली स्थापन होऊन पुढे नागपूरला आलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात ते लावून धुरात काम करण्याचे शिक्षण दिले जाते. वर्दीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क आणि भरलेला सिलिंडर मिळावा, दारावर वेळ लिहिणारा अधिकारी असावा, हरवलेल्याला शोधायला दुसरी तुकडी तयार असावी, याला पैसा फार लागत नाही, शिस्त लागते. महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिका उद्या संवेदक बसवलेले सदरे विकत घेतील, तेव्हा त्यांनी आधी आपल्या केंद्रांतले बीए सेट मोजावेत, तपासावेत, आणि जवानांइतके ते आहेत याची खात्री करावी.